भुतांचे कायदे

पांढुर्ण्याच्या मुंज्याला दोन भाषा यायलाच हव्यात. हे कुठल्या पोथीत लिहिलेलं नाही, नकाशा पाहून काढलेला निष्कर्ष आहे. पांढुर्णा आणि सौंसर मध्य प्रदेशात, पण घराघरांत बोलणं मराठी. 1956 पर्यंत हा मुलूख ज्या राज्यात होता त्याची राजधानी नागपूर. त्या वर्षी 1 नोव्हेंबरला राज्यांची नवी मांडणी झाली, विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा मध्य प्रदेशातच राहिला. त्या जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचे हे दोन तालुके 2023 साली वेगळे काढून पांढुर्णा जिल्हा झाला. शाळेची पुस्तकं हिंदी, दुकानांच्या पाट्या हिंदी. भुतांना मात्र कुणी विचारलं नाही. त्यामुळे इथल्या पोरांच्या वाट्याला दोन्हीकडची भुतं आली. आजीच्या गोष्टीतली हडळ घरी, आणि बाकावर शेजारी बसणाऱ्या दोस्ताची चुडैल शाळेत. दोघींचे पाय उलटेच.

हे उलटे पाय नीट लक्षात ठेवा, कारण या प्रकरणातली मुख्य गोष्ट तीच आहे. भूत म्हणजे काहीतरी बेभरवशाचं, कधी काय करील सांगता येत नाही, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात गोष्टीतलं भूत कुठल्याही सरकारी कारकुनापेक्षा जास्त नियमानं वागतं. त्याची सावली पडत नाही. ते नाकात बोलतं. ते ठरलेल्या झाडावर राहतं, ठरलेल्या तिथीला बाहेर पडतं, पहाटे कोंबडा आरवला की हातातलं काम टाकून निघून जातं. चोराला असले नियम नसतात, वाघाला नसतात, गणिताच्या पेपराला तर नसतातच. म्हणून चोराच्या, वाघाच्या गोष्टीत हसू कमी आणि भुताच्या गोष्टीत जास्त. ज्याचे नियम ठाऊक आहेत त्याला हरवता येतं.

मराठी भुतांची जनगणना केली तर पहिला मान मुंज्याचा. मुंज झालेला आणि सोडमुंज व्हायच्या आत मेलेला मुलगा म्हणजे मुंजा. त्याचा पत्ता कायमचा : पिंपळ. तो वयानं पोरगाच असल्यामुळे त्याची कामंही पोरांचीच. खडे मारायचे, वाटसरूची पगडी उडवायची, मध्यरात्री कौलांवर धावायचं. हडळ मात्र मोठ्या माणसांना घाबरवणारी, केस मोकळे सोडलेली. खवीस आडदांड. समंध, म्हणजे ब्रह्मसमंध, हा भुतांमधला शिकलेला वर्ग : मेल्यावरही पुरून ठेवलेल्या हंड्यावर बसून राहणारा, अत्यंत चिकट. विहिरीत, डोहात, नदीच्या वळणावर साती आसरा. त्यांना भूत म्हणायचं की देवी, याचा निकाल लोकांनी लावलेला नाही. काठावरच्या दगडाला शेंदूर लावून मोकळे झालेत. आणि चकवा. त्याला रूप नाही, तोंड नाही, नाव एवढंच. त्याच्याकडे पुढे वळू.

या सगळ्यांचा राजा वेताळ. अमावास्येच्या रात्री त्याची पालखी निघते, मशाली, वाद्यं, मागे भुतांची रांग, अशी वर्णनं महाराष्ट्रभर ऐकायला मिळतात. सिंधुदुर्गातल्या आरवलीत तर तो वेतोबा होऊन गावाचा रखवालदार झाला आहे. तिथं त्याला नवस फेडताना केळी वाहतात, आणि चामड्याच्या मोठमोठ्या चपला. तो रात्री गावाभोवती गस्त घालतो, त्यामुळे चपला झिजतात, अशी श्रद्धा. मला हा तपशील फार आवडतो. भुतांच्या राजाला चप्पल लागते, ती झिजते, आणि नवी आणून देण्याची जबाबदारी गावावर असते. असल्या राजाला घाबरायचं तरी किती?

आता एक गोष्ट. ही महाराष्ट्रात बऱ्याच ठिकाणी सांगतात, दर घरी थोडी वेगळी. मी ती सौंसरकडच्या वावरात नेऊन सांगतो.

एक कास्तकार होता. कामाचा कंटाळा एवढा, की जांभई द्यायची झाली तरी दुसऱ्याला सांगेल. एकदा त्याच्या दारी एक बैरागी आला. याने त्याला भाकर दिली, बैराग्यानं खूश होऊन एक मंत्र दिला. म्हणाला, हा म्हटलास की भूत येईल, सांगशील ते काम करील. पण एक अट आहे. ती ऐकायला कास्तकार थांबलाच नाही. त्यानं घराच्या मागं जाऊन मंत्र म्हटला.

समोर भूत उभं. माडाएवढं उंच, पाय उलटे, आवाज नाकातून.

"काँम साँग. काँम नँसंल तँ तुँले खाँतो."

अट ती ही. पण कास्तकाराला काय, त्याच्याकडे कामाचा डोंगर पडला होता. म्हणाला, "जा, वावर नांगरून ये." तंबाखूला चुना लावून ती तोंडात टाकेपर्यंत भूत परत. "काँम साँग." कास्तकार म्हणाला, "विहिरीतला गाळ काढ." काढला. "संत्र्याच्या बागेचं ओलित कर." केलं. "कापूस वेच." वेचला, गाठोडी बांधली, गाडीत रचली. "तुरीची डाळ कर." केली, वर पाखडून दिली. दुपार टळेपर्यंत घरचं काम संपलं. मग शेजाऱ्याचं सांगितलं, मग गावाचं. रस्त्यावरचे खड्डे बुजवून झाले, जे आजवर कुणाच्यानं झालं नव्हतं. दिवेलागण झाली आणि कास्तकाराच्या डोक्यातलं शेवटचं काम संपलं. भुतानं तोंड उघडलं.

कास्तकार बोंबलत घरात पळाला. चुलीपाशी त्याची म्हातारी माय भाकरी थापत होती.

"माय वं, मले भूत खाते!"

"काहून खाते?"

"त्याले काम पायजे. माह्यापाशी काम नाही."

म्हातारीनं तव्यावरची भाकर उलटली. "एवढंच होय? बोलाव त्याले इकडं."

भूत दारातून वाकून आत आलं. म्हातारी वर न बघताच म्हणाली, "बाप्पा, आमच्या मोत्याचं शेपूट वाकडं हाय. तेवढं सरळ करून दे."

भुताला हसू आलं. त्यानं कुत्र्याचं शेपूट दोन बोटांनी धरलं, ओढलं, सरळ केलं, सोडलं. शेपूट गर्रकन वळलं. पुन्हा ओढलं, पुन्हा वळलं. मग तेल चोळलं. मग बांबूची कामटी बांधून रात्रभर बसून राहिलं. सकाळी कामटी सोडली तर शेपूट आधीपेक्षा जास्त वाकडं. मोत्याला वाटलं हा नवा पाहुणा आपल्याशी खेळतोय, म्हणून तो शेपूट हलवायला लागला. भूत म्हणे, "हँलवू नँको नाँ बे!" कुत्र्याला हे कोण सांगणार? असे तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी भूत म्हातारीच्या पायाशी येऊन बसलं.

"माँय, मँले जाँऊ दे."

"पयले काम पुरं कर."

"नाँही होँत वँ माँय!"

"मंग जाय. पण मंत्रासगट जाय."

भूत सुसाट सुटलं. आणि मोत्या, खेळणारा गडी चालला म्हणून, वेशीपर्यंत त्याच्या मागं धावत गेला.

काही घरी कुत्र्याच्या जागी खांब असतो. अंगणात खांब रोव आणि मी पुरे म्हणेपर्यंत त्यावर चढ आणि उतर, असं सांगायचं. युक्ती तीच. संगणक शिकलेल्या मुलांना ती लगेच ओळखता येईल : न संपणारी आज्ञा दिली की यंत्र तिथंच फिरत बसतं. भूत सांगितलेलं अक्षरशः करतं, आणि अक्षरशः करणाऱ्याला फसवायला अक्कल थोडीच लागते.

हुकमाचा ताबेदार हाताबाहेर जातो ही कल्पना जगभर फिरली आहे. दुसऱ्या शतकात ल्युशियन नावाच्या लेखकानं ग्रीक भाषेत एक किस्सा लिहिला : इजिप्तचा एक जादूगार मुसळाला कपडे घालून त्याच्याकडून पाणी भरून घेतो. त्याचा सोबती चोरून मंत्र ऐकतो, मुसळाला पाणी आणायला लावतो, पण थांबवायचा मंत्र त्याला ठाऊक नसतो. चिडून मुसळाचे दोन तुकडे करतो, तर दोन मुसळं पाणी आणू लागतात. जर्मन कवी गटेनं 1797 साली त्यावर कविता केली, आणि 1940 च्या 'फँटेशिया' चित्रपटात ती फजिती मिकी माऊसच्या वाट्याला आली. पण तिकडे सुटका होते ती मोठा जादूगार परत येतो म्हणून. आपल्याकडे जादूगार लागत नाही. घरात एक म्हातारी असली की काम भागतं.

आता चकवा. संत्र्याच्या बागेत रात्री फिरून पाहा, म्हणजे चकव्याचं घर कळेल. झाडं सारख्या उंचीची, सारख्या अंतरावर, ओळीला ओळ लागलेली. कुठल्याही झाडापाशी उभं राहिलात तरी चारी बाजूंनी तेच दृश्य. जागलीला गेलेला माणूस बांधाच्या दिशेनं निघतो, बराच वेळ चालतो आणि पुन्हा आपल्याच घोंगडीपाशी येतो. चकवा लागला! जाणती माणसं सांगतात, अशा वेळी धावू नये, खाली बसावं, तंबाखू मळावी, उजाडायची वाट बघावी.

हा सल्ला शंभर टक्के बरोबर आहे. 2009 साली जर्मनीत यान सोमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चकव्याचा प्रयोगच केला, अर्थात चकव्याचं नाव न घेता. माणसांना एका सपाट दाट जंगलात सोडलं आणि नाकासमोर सरळ चालायला सांगितलं. काहींना सहारा वाळवंटात चालवलं. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर माणसं बऱ्यापैकी सरळ गेली. आभाळ भरून आलं, चंद्र मावळला, की वळायला लागली, आपलीच वाट ओलांडून गेली, आणि तरी आपण सरळच चाललोय अशी त्यांची खात्री होती. डोळे बांधले तेव्हा तर काही जण वीसेक मीटर व्यासाच्या वर्तुळात फिरले. एक पाय आखूड असतो म्हणून माणूस वळतो, हा जुना समज टिकला नाही, कारण तोच माणूस कधी डावीकडे वळे, कधी उजवीकडे. शरीराचा 'सरळ'चा अंदाज पावलागणिक किंचित चुकतो आणि चूक साठत जाते. बाहेरची खूण मिळाली की ती दुरुस्त होते. अंधाऱ्या बागेत खूण नाही, म्हणून चकवा. इंग्लंडच्या खेड्यांत याच प्रकाराचं खापर पिक्सी नावाच्या बुटक्या परीलोकांवर फोडत, आणि उपाय म्हणून अंगातला कोट उलटा करून घालत. आपला तंबाखूचा उपाय जास्त शास्त्रीय : बसलं की वर्तुळ थांबतं. (तंबाखू वगळून बसलात तर आणखी शास्त्रीय.)

पिंपळावरच्या मुंज्याचा उलगडा त्याहून सोपा. पिंपळाच्या पानाचा देठ लांब आणि बारीक, टोक शेपटीसारखं निमुळतं. इतर झाडं गप्प असतील इतक्या मंद वाऱ्यातही ही पानं एकमेकांवर आपटून सळसळतात. वारा जाणवत नाही आणि झाड मात्र बोलतंय, म्हणजे वर कोणीतरी असणारच, असा हिशेब. त्यात पडक्या वाड्यात गव्हाणी घुबड असलं की बघायलाच नको. त्याचा चेहरा पांढरा, बदामाच्या आकाराचा. पिसांच्या कडा झालरीसारख्या असल्यामुळे उडताना आवाज शून्य, आणि ओरडणं असं की कुणीतरी किंचाळलं असं वाटावं. बिनआवाजाचं पांढरं तोंड अंधारातून सरकत आलं आणि किंचाळलं, तर हडळीची व्याख्या पुरी झाली. बिचारं घुबड उंदीर शोधत असतं. उंदीर खाणारा पक्षी म्हणजे कास्तकाराचा बिनपगारी रखवालदार. त्याला दगड मारू नये, हे या प्रकरणात सांगून ठेवतो.

भुतांच्या गोष्टींचा उगम शोधायला निघालं की वाट विंध्याच्या डोंगरांकडे जाते. पैठणला, म्हणजे तेव्हाच्या प्रतिष्ठानात, सातवाहन राजाच्या पदरी गुणाढ्य नावाचा पंडित होता, अशी कथा 'कथासरित्सागरा'त आहे. राजा राण्यांबरोबर पाण्यात खेळत होता. एक राणी पाणी उडवून दमली आणि संस्कृतात म्हणाली, 'मोदकैः', म्हणजे मा उदकैः, आता पाणी नको. राजाला संस्कृत बेतास बात. त्यानं मोदक मागवले. राणी हसली, बाकीच्याही हसल्या. राजा अंथरूण धरून बसला. संस्कृत शिकल्याशिवाय उठणार नाही! गुणाढ्य म्हणाला, मी सहा वर्षांत शिकवतो. शर्ववर्मा नावाचा दुसरा पंडित म्हणाला, मी सहा महिन्यांत. गुणाढ्यानं रागानं पैज लावली : तू हे केलंस तर संस्कृत, प्राकृत आणि देशभाषा, तिन्ही सोडीन.

शर्ववर्म्यानं खरंच सहा महिन्यांत शिकवलं. गुणाढ्य मुका झाला आणि दोन शिष्यांसह विंध्याच्या अरण्यात निघून गेला. तिथं पिशाच्चं आपसात बोलत होती. त्यांची भाषा पैजेत नव्हती! तो ती शिकला. काणभूती नावाच्या पिशाच्चानं त्याला सात मोठ्या कथा सांगितल्या. गुणाढ्यानं त्या पैशाची भाषेत सात वर्षं बसून लिहिल्या, रानात शाई मिळेना म्हणून स्वतःच्या रक्तानं. सात लाख श्लोक झाले. शिष्यांनी ग्रंथ राजाकडे नेला. राजा आता संस्कृत शिकलेला, त्यामुळे अर्थातच शिष्ट झालेला. पिशाच्चांची भाषा आणि रक्ताची अक्षरं? परत न्या.

गुणाढ्यानं डोंगरावर अग्निकुंड पेटवलं. एक एक पान मोठ्यानं वाचायचं आणि आगीत टाकायचं. रानातली हरणं, रानडुकरं, सगळी जनावरं भोवती गोळा झाली आणि डोळ्यांत पाणी आणून ऐकत राहिली. चरायचं विसरली. इकडे राजा आजारी पडला. वैद्यांनी निदान केलं : सुकं मांस खाण्यात येतंय. स्वयंपाक्यांना धरलं, त्यांनी शिकाऱ्यांकडे बोट दाखवलं, शिकारी म्हणाले, काय करणार, जनावरंच वाळलीत, डोंगरावर एक माणूस त्यांना गोष्टी सांगतोय. राजा धावत गेला. तोवर सहा लाख श्लोक जळले होते. उरलेले एक लाख हाती लागले, ती 'बृहत्कथा'.

मूळ बृहत्कथा आज मिळत नाही. तिच्यावरून सोमदेवानं अकराव्या शतकात काश्मीरच्या राणी सूर्यवतीसाठी 'कथासरित्सागर' रचला आणि त्यात वेताळाच्या पंचवीस गोष्टीही आल्या. आता त्यातले कायदे पाहा. राजा विक्रमानं प्रेत खांद्यावर घेऊन गप्प चालायचं. बोलला तर वेताळ परत झाडावर. पण उत्तर ठाऊक असून गप्प राहिला तर डोक्याची शकलं. म्हणजे हुशार माणूस फसणारच, आणि ढ माणूस आरामात पोहोचणार! वर्गात हात वर करायची खोड असलेल्या प्रत्येक मुलाची ही गोष्ट आहे. 'चांदोबा' मासिकानं पंचवीसवर न थांबता वर्षानुवर्षं नव्या वेताळकथा रचल्या. तलवार हाती घेतलेला राजा आणि त्याच्या खांद्यावरचं प्रेत, हे त्या पानावरचं चित्र शंकर या चित्रकारानं काढलेलं. 1985 साली दूरदर्शनवर 'विक्रम और बेताल' आलं, तेव्हा पांढुर्ण्यातला दोन भाषांचा मुंजा सगळ्यात खूश झाला असेल.

सौंसरजवळच्या जामसावळीच्या हनुमानाचं नाव घेतल्याशिवाय या मुलखातल्या भुतांचं प्रकरण पुरं होत नाही. इथला हनुमान उभा नाही, आडवा निजलेला आहे. मूर्तीच्या नाभीतून येणारं पाणी लोक तीर्थ म्हणून घेतात. बाहेरची बाधा झाली, अंगात आलं, असं ज्यांच्याबद्दल घरचे म्हणतात, अशा माणसांना दुरून दुरून इथं आणतात. इथं आपलं हसणं थांबतं. गोष्टीतलं भूत आणि त्रासलेला माणूस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्याला आवाज ऐकू येतात, झोप लागत नाही, जो एकदम परक्यासारखा बोलू लागतो, तो आजारी असू शकतो, आणि त्या आजारांवर औषधं आहेत. देवाला नमस्कार करायला कुणाची ना नाही, डॉक्टरकडे जायलाही नसावी. 14416 या टेलि-मानस क्रमांकावर फुकट बोलता येतं. सरहद्दीपलीकडे महाराष्ट्रात नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर 2013 साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरवायच्या नावाखाली माणसाला बांधणं, मारणं, चटके देणं हा त्यात गुन्हा आहे. भुताची गोष्ट सांगणं गुन्हा नाही, ही खात्री मी करून घेतली आहे.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, या भागात दोन ठिकाणी दोन टोकाच्या गोष्टी घडतात. पांढुर्ण्यात जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवून त्यावर झेंडा लावतात, आणि एका काठानं पांढुर्णा, दुसऱ्या काठानं सावरगाव, अशी दगडफेक चालते. ती गोटमार. दर वर्षी माणसं जखमी होतात, जीवही गेले आहेत. दंतकथा अशी, की पांढुर्ण्याचा मुलगा सावरगावच्या मुलीला घेऊन पळाला, दोघं नदीत असताना दोन्ही काठांवरून दगड आले आणि दोघं तिथंच मेली. भुतांच्या कायद्यानुसार अकाली गेलेल्या या जोडप्याचा डोहात मुक्काम ठरलेला होता. पण प्रचलित कथेत त्यांची भुतं होत नाहीत. लोक त्यांना चंडीमातेच्या देवळात नेतात, आणि आजही झेंडा तिथंच जातो. मला वाटतं, ज्या मरणाबद्दल गावाला स्वतःचीच लाज वाटते, त्याचं भूत करून हसणं गावाला जमत नाही.

त्याच दिवशी नागपुरात मारबत निघते. काळी मारबत 1881 पासून, पिवळी 1885 पासून. कागदाकामट्यांची ती प्रचंड राक्षसीण, पूतनेचं रूप, गल्लीबोळांतून मिरवतात आणि रोगराई, इडापीडा तिच्याबरोबर जावो असं ओरडत शेवटी जाळतात. सोबत बडगे, म्हणजे आणखी पुतळे, असतात : महागाईचा बडगा, भ्रष्टाचाराचा बडगा, त्या वर्षी लोक ज्याच्यावर चिडलेत त्याचा बडगा. घाबरवणारं बाहुलं करायचं, त्याच्याभोवती नाचायचं, आणि जाताना त्याच्या डोक्यावर घरातले ढेकूण-डाससुद्धा लादायचे. आसपासची खेडी ही मारबत लहान प्रमाणात करतात, आणि तिथं सगळ्यात मोठा आवाज पोरांचा असतो.

घाबरल्यावर हसू का येतं? मेंदूचे अभ्यासक व्ही. एस. रामचंद्रन यांनी 1998 साली एक तर्क मांडला. हसणं म्हणजे कळपाला दिलेली सूचना : धोका वाटला होता, तो खोटा निघाला, धावायची गरज नाही. म्हणूनच ते मोठ्यानं असतं आणि संसर्गानं पसरतं. हा तर्क सिद्ध झालेला नाही, पण भुताच्या गोष्टीला तो शिवून घेतलेल्या सदऱ्यासारखा बसतो. आधी धोका खरा वाटला पाहिजे. मग तो खोटा ठरला पाहिजे. दोन्हींतलं एक जरी राहिलं तरी गोष्ट पडते.

ऑस्कर वाइल्डनं 1887 मध्ये हा हिशेब पार उलटा केला. त्याच्या 'कँटरव्हिल'च्या वाड्यातलं भूत तीनशे वर्षं साखळ्या वाजवत लोकांना घाबरवतंय. तिथं राहायला आलेलं अमेरिकन कुटुंब त्याला साखळ्यांना लावायला तेलाची बाटली देतं, आणि त्या घरातली जुळी पोरं भुतालाच इतकं छळतात की ते चोरपावलांनी चालू लागतं. बंगालीत उपेंद्रकिशोर रायचौधुरींच्या गुपी-बाघाला भुतांचा राजाच वर देतो. त्यांचे नातू सत्यजित राय यांनी 1969 साली त्यावर सिनेमा केला. मराठी पोरांना रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या'मधली चेटकीण भेटली. दिलीप प्रभावळकरांनी ती रंगवली तेव्हा नाट्यगृहातली मुलं आधी आईच्या कुशीत शिरत आणि पुढच्याच क्षणी खुर्चीवर उभी राहून तिला ओरडत.

तुम्हाला गोष्ट सांगायची असेल तर नाटकाची गरज नाही. वीज गेलेली असली तर उत्तम, नाहीतर घालवावी. जागा ओळखीची निवडा : लंडनचा वाडा नको, आपल्याच गल्लीच्या टोकाचा पिंपळ घ्या. भुताला एकच नियम द्या आणि तो सुरुवातीलाच सांगून टाका, शेवटी नवीन काढला तर ऐकणारे भांडतील. भुताचा आवाज नाकातून काढा, पण प्रत्येक वाक्याला नको, कंटाळा येतो. भुतानं पहिल्या फटक्यात हरू नये. तिसऱ्या फटक्यात हरावं. हरवणारा माणूस ऐकणाऱ्यांपैकी सगळ्यात लहान कोण असेल त्याच्या वयाचा घ्या, किंवा मग सरळ म्हातारी. मांजर, कुत्रा, कोंबडा यांतलं एखादं जनावर असलं तर बरं, कारण त्यांना भुताचे कायदे लागू नसतात. आणि गोष्ट सुरू करायच्या आधीच सगळ्यांसमोर ठरवून घ्या, की मध्येच एकीला जावं लागलं तर कोण कोणाबरोबर जाणार.